तीट

केकी काका तांबट आळीत आले तेव्हा
त्यांच्या बुटांवर पेठच्या घाटातली लाल माती होती.
दोन घरांतले हातोडे थांबले.
खांद्यावर रायफल घेऊन कुणी कल्हईला येत नाही.

‘रंगनाथ, सांबर लागलं, पण पडलं नाही.
दोन दिवस शोधलं.
तिसऱ्या दिवशी गिधाडं दिसली.’
मग बराच वेळ ते आमच्या भट्टीकडे बघत राहिले.

आबांनी जन्मात ससा मारला नव्हता.
पण पितळ त्यांच्याशी बोलायचं.
रिकामी पुंगळी कानाशी धरून त्यांनी टिचकी मारली,
घागर घेताना बायका मारतात तशी.
‘धातू बरा आहे. मानही सरळ.
गोळी किती आत बसवता?’
‘पुस्तकात दिलीय तेवढी.’
‘पुस्तकानं ही नळी बघितलीय का?’

त्या रात्री, दारू न भरलेल्या पुंगळीत
एक गोळी मुद्दाम लांब बसवून
आबा ती मेणबत्तीवर फिरवत बसले, काळी होईतो.
आई म्हणाली,
लोक लेकराला तीट लावतात,
आमच्याकडे गोळीला.

बोल्ट हलकेच लावला, उघडला.
काजळीवर सहा चकचकीत ओरखडे उमटले होते.
नळीतला पीळ जिथून सुरू होतो
तिथल्या कडा गोळीला शिवल्या, त्याची खूण.
‘इथून मागे सरायचं,’ आबा म्हणाले,
‘किती, ते हिलाच विचारायचं.’

मग रविवारमागून रविवार
देवळालीच्या पुढे, दारणाकाठी,
मातीच्या दरडीला टेकवलेलं पोतं, त्यावर कागद.
केकी काका झोपून नेम धरायचे,
मी कागदाकडे धावायची,
आबा वहीत लिहायचे. हिशेब थाऊत.
एक थाऊ म्हणजे केसाचा तिसरा हिस्सा,
हे मला शाळेआधी कळलं.

*शिवती बसवली. एक पिळात रुतली.
न उडवता काढायला गेलो, नुसती पुंगळी हातात,
दारू सगळी सांडली. पुन्हा नाही.*

*दहा मागे. तळहाताएवढा पसारा.*

*वीस. दोन शेजारी, तिसरी रुसून माहेरी.*

*साठ. काही विचारू नका.*

मधल्या एका रविवारी मी कागदापाशी गेले
आणि ओरडले, दोन गोळ्या हरवल्या!
भोक एकच होतं,
त्याला तीन पाकळ्या होत्या.
आबांनी खिशातली जुनी पावली काढून वर ठेवली.
सगळं झाकलं.

पस्तीस थाऊ. डझनभर केसांचं अंतर.
तेवढ्या मोकळ्या जागेत गोळी
ना अडखळत होती, ना तिरकी होत होती.
शेजारच्या रायफलीला कदाचित हेच अंतर
मुळीच मानवलं नसतं.
वहीत आबांनी फक्त लिहिलं:
*हिला एवढं पुरे.*

थंडीत केकी काका एकदाच गेले जंगलात.
परत आले ते मांस न आणता.
हातावर पुंगळी ठेवून म्हणाले, ‘जागीच बसलं, रंगनाथ.
मान वळवायलाही वेळ नाही मिळाला त्याला.’
आबांनी ती पुंगळी धुतली.
का, ते तेव्हा कळलं नाही.

बहात्तरनंतर कायदा आला.
रायफल भिंतीवरून उतरली ती उतरलीच.
काका बोलायला यायचे तेवढे, चहा बशीत ओतून,
सांबराविषयी कधीच नाही.

मी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं
दुसऱ्यांच्या दांड्यांना मापं लावली.
पोरं विचारायची, बाई, एवढ्याशा फरकानं काय होतं?
मी डायल त्यांच्याकडे फिरवायची.

आई गेल्यावर तिची काजळाची डबी उघडली.
आत, सुकलेल्या काजळात,
ती काळी गोळी, सहा ओरखड्यांची.
आबांनी ती आठवडाभर शोधली होती,
आळीभर बोंब मारली होती.

कुणाची नजर लागू नये म्हणून ठेवली असेल,
कुणाला, ते विचारायचं राहिलं.